सात गेम, एक कोरं पान

कूलरच्या जाळ्यांतली घास बदलली की घरात दोन दिवस ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास कोंदून राहतो. अख्खं जबलपूर त्या वासाची वाट पाहत असतं. लोक डोळे मिटून श्वास घेतात, म्हणतात, अहाहा, आता उन्हाळा निघून जाईल. मला मात्र त्या वासानं कसंतरीच होतं. परवा घासवाला आला, काळी पडलेली जुनी घास ओढून काढली, नवी भरली, पंप चालू केला. पहिली गार झुळूक तोंडावर आली आणि मला एकदम तलवार घेतलेला एक धटिंगण आठवला, ज्याला मी चाळीस तास डोंगर चढवला होता. त्याच्या मागोमाग एक बंदूकवाला, एक शेतकरी, एक रडका पोरगा. दुसऱ्यांना उन्हाळ्याच्या वासात मोगरा आठवतो, आजोळ आठवतं. माझ्या नशिबी ही वरात.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात हीच घास मी स्वतः बदलायला गेलो. घासवाले पाट्या टाकतात, कोपरे मोकळे सोडतात, म्हणून तोवर मी कोणाला हात लावू देत नसे. मी इथल्या तोफा-बंदुकांच्या सरकारी फॅक्टरीत इन्स्पेक्टर आहे. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट काढणं ही माझी नोकरी, आणि ती मी एकोणतीस वर्षं मन लावून केली. तर स्टुलावर चढलो, कोपरा ठासून भरला, आणि तो कसा दिसतो ते पाहायला एक पाऊल मागं घेतलं. स्टूल तेवढं मोठं नव्हतं. घोटा मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर. अधारतालच्या आमच्या घरात कूलर एकच, तो हॉलमध्ये. म्हणून माझा दिवाणही हॉलमध्ये आला, आणि मुलीचा कॉम्प्युटर तर आधीपासून तिथंच होता.

मुलगी चिन्मयी, घरात चिनू. एकुलती एक. बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली, त्यामुळे दिवसभर कानाला हेडफोन आणि हातात माऊस. मी उशीवर पाय टाकून पडलेलो, तिच्या पाठीमागून पडदा दिसायचा. त्यावर कोणीतरी सतत धावत असायचं. कशाला धावतं, कुठं धावतं, देवाला ठाऊक. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणायचो, "काय ते माकडचाळे! त्या बिचाऱ्याला जरा बसू दे." ती ऐकायची नाही. हेडफोन कशासाठी असतात ते मला तेव्हा कळलं.

आठवड्याभरानं ती एक फॉर्म घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. पुण्याच्या एका संस्थेचा. गेम कसे बनवायचे, त्याचं चार वर्षांचं शिक्षण. पालकांची सही हवी होती. मी फॉर्म वाचलाही नाही. म्हटलं, "आपलं इथलं कॉलेज आहे ना, मेकॅनिकल घे आणि घरून जा-ये कर. पुण्याला जाऊन काय बाहुल्या नाचवणार? आणि तिथं तू 'करून राहिली' म्हणालीस की लोक तोंडावर हसतील." तिचा चेहरा लाल झाला, पण ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही एक तरी गेम पूर्ण खेळून पाहिला का? बिना पाहिल्याच रिजेक्ट करून राहिले. फॅक्टरीत असं चालते का?"

तोंडात मारल्यासारखं झालं. फॅक्टरीत असं चालत नाही. माल हातात न घेता शेरा मारणाऱ्या एका ज्युनियरला मी सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि ती गोष्ट मी घरी चार वेळा फुशारकीनं सांगितली होती. चिनूनं ती नेमकी लक्षात ठेवलेली.

"आण," मी म्हटलं. "किती आहेत तुझे गेम?"

"सात अर्धवट पडून आहेत. बॅकलॉग आहे माझा."

बॅकलॉग! आमच्याकडे बॅकलॉग झाला की माणसाला साहेबासमोर उभं करतात. ही पोरं तो हौसेनं जमवतात. स्वस्तात मिळाला की घ्यायचा, दोन तास खेळायचा, टाकून द्यायचा, पुढचा घ्यायचा. आमच्या घरात पानात भाताचं शीत टाकलेलं मी चालवून घेतलं नाही, आणि त्याच घरात ही सात ताटं उष्टी! मी म्हटलं, "सातही मी संपवतो. त्यातला एक जरी पास झाला तर फॉर्मवर सही. नाही झाला तर मेकॅनिकल, आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

"पक्का?"

"पक्का."

फॉर्मची शेवटची तारीख मे महिन्याच्या अखेरची होती. आतून ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "चलो! पाय तर गेलाच होता, आता डोकंही गेलं."

आता हसू येतं, पण पहिला दीड दिवस मी नुसता भिंतीला डोकं लावून चालत होतो. डाव्या हाताच्या चार बटणांनी चालायचं आणि उजव्या हातातल्या माऊसनं मान वळवायची. ज्यानं कोणी ही रीत काढली त्यानं स्वतः कधी चालून पाहिलं नसावं. मी आभाळाकडे पाहत खड्ड्यात पडत होतो. चिनू शेजारी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावून खायची आणि म्हणायची, "बाबा, खाली पहा. खाली. अरे बाबा, मान खाली!" बाहेर गरम वाऱ्याची लू सुटलेली, दार धडधडायचं, पंपाचा तो बुडबुड आवाज. प्लास्टरच्या आत खाज सुटली की मी हिची स्वेटर विणायची सुई आत घालायचो. असा मी त्या धटिंगणाला घेऊन जगाचं रक्षण करायला निघालो.

काय ते जग! अंधार पसरत चाललाय, राक्षस गावाच्या वेशीवर आलेत, आणि गावचा मुखिया त्या तलवारवाल्याला सांगतो, माझ्यासाठी पंधरा अळंबी आण. आणली, तर म्हणतो, आता माझ्या मेव्हण्याची बकरी शोध. अरे, तुझ्या डोक्यावर जग कोसळून राहिलंय, बकरी कसली शोधतोस? आणि हा धटिंगणही जातो! खांदे बैलजोडीएवढे, अक्कल मात्र गहाण टाकलेली. शहर मोठं देखणं बांधलं होतं, कळस, कमानी, बाजार. मी दारं तपासली. शंभरातली चार उघडतात, बाकीची नुसती रंगवलेली. आमच्याकडे असा माल आला असता तर अख्खा लॉट परत गेला असता. मी एक जुनी वही काढली, पानाच्या वर गेमचं नाव लिहिलं, आणि खाली खोटा लिहून काढल्या. दोन पानं भरली. चिनूनं वाचलं आणि पोट धरून हसली. "मुखियाला तर मी पण शिव्या दिल्या होत्या," ती म्हणाली.

दुसरा बंदुकीचा. बंदुकीचा गेम माझ्यासारख्याच्या हाती देऊ नये. आम्ही ज्या वस्तूकडे बारा कोनांतून पाहतो ती या लोकांनी पिचकारीसारखी वापरलीय. नळी तापत नाही, गोळी अडकत नाही, कोणी कधी साफ करत नाही. अर्ध्या गोळ्या झाडा, बाकीच्यांसकट मॅगझिन फेकून द्या, खिशात त्या जशाच्या तशा. आणि जखम? छातीत सहा गोळ्या खाल्ल्या की भिंतीआड पाच सेकंद बसायचं, की मांस भरून येतं. माझं एक हाड तीन आठवडे झाले तरी भरून येत नव्हतं! मी एवढा चिडलो की तीन पानं लिहिली.

तिसरा शेतीचा. हा म्हणे मनाला शांती देतो. चार दिवसांत मुळे येतात, पाऊस वेळेवर पडतो, कोणी शेजारी बांध कोरत नाही. गावातल्या माणसांना रोज एक भेट द्यायची, मग ती प्रेम करतात. एका सुताराच्या पोरीला मी रोज एक पिवळं फूल देत होतो, ती रोज तेच एक वाक्य बोलायची. नवव्या फुलाला लग्नाला तयार झाली. ही भाजी निवडता निवडता पाहत होती. म्हणाली, "हिला नऊ दिवसांत नऊ फुलं दिली. मला सत्तावीस वर्षांत एक दिलं का?" मी म्हटलं, "तू काही गेममधली आहेस का?" तिनं त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही. तेही मी खोटांच्या यादीत लिहिलं, या गेममुळे घरी अळणी जेवावं लागतं म्हणून.

परवा घासवाला गेल्यावर ती वही पुन्हा काढून पाहिली. अक्षर बघा काय रसरशीत! मोटारीच्या गेमबद्दल, जिथं दरीत पडलं की मोटार धुऊन-पुसून परत रस्त्यावर ठेवतात, मी लिहिलंय, "याला मरण नाही, म्हणून याला चालवताही येत नाही." भुताच्या गेमबद्दल लिहिलंय, "टॉर्चचे सेल दोन मिनिटांत संपतात. असला सेल विकणाऱ्याला आधी धरा, भूत नंतर." माणसाला कशाची तरी घृणा वाटायला लागली की भाषा कशी खुलते! मी आयुष्यात कधी कोणाला चार ओळींचं पत्र नीट लिहिलं नाही, आणि या कचऱ्यावर अठरा पानं लिहिली.

सहावा रडक्या पोराचा. कोणाशी काय बोलायचं त्याचे तीन पर्याय समोर येतात, आपण एक निवडायचा, म्हणजे गोष्ट आपल्या मनासारखी वळते असं त्यांचं म्हणणं. डोंबल वळते! मी तिन्ही पर्याय पाहून आलो, तिन्ही वाटा त्याच स्टेशनवर. शेवटी त्या पोराला बापाचं पत्र सापडतं. बाप अर्थातच मेलेला. मला सहा गेममध्ये चार बाप भेटले, त्यातले तीन सुरू होण्याआधीच मेलेले आणि एक मधेच मारला. मेले की सगळे थोर. त्यांची पत्रं, त्यांची घड्याळं, त्यांचे कोट. जिवंत असताना पाय उशीवर टाकून कुरकुर करणारा एकही बाप त्यांना दाखवावासा वाटला नाही. हे मी चिनूला म्हणालो तेव्हा ती हसली नाही. "हो ना," म्हणाली, "फालतूच आहे. सगळे सारखेच असतात."

हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पहिल्या गेमला ती माझ्याशी भांडली होती, ते संगीत ऐका, तो सूर्यास्त पहा, म्हणून. तिसऱ्याला ती हसत होती. पाचव्याला माझ्याआधी खोट काढून दाखवत होती: "बाबा, सावली पाहिली? उलटी पडून राहिली." तिची नजर तयार होत होती. मला काय आनंद! इन्स्पेक्टरच्या पोटी इन्स्पेक्टर. बारा वर्षांची झाल्यापासून ती माझ्याशी "हो", "नाही", "अच्छा" यापलीकडे बोलली नव्हती, आणि आता दुपारच्या दुपार आम्ही दोघं मांडीला मांडी लावून शिव्या घालत बसलेलो. खरं सांगतो, तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता. त्या खसाच्या वासानं जे कसंतरी होतं ते त्यामुळेच.

सातवा गेम तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. हे मला मागाहून कळलं नाही, तेव्हाच कळलं. तो लावून देताना ती म्हणाली, "हा छोटा आहे, बाबा. तीन-चार तासांचा." आणि मोढ्यावर न बसता आत निघून गेली. सहा गेम जी शेजारून हलली नव्हती, ती सातव्याला आत का जाईल? बनवणारा कोणी दुसराच, पण तिची सगळी भिस्त या गेमवर होती; पेपरातलं आपलं भरवशाचं उत्तर परीक्षक वाचत असताना कोणाला समोर उभं राहवतं?

त्यात काही नव्हतं. एक उतारावरचं गाव. विहीर खाली, घरं वर. आपण एक पाणक्या. सकाळी बादली भरायची, चढ चढायचा, कोणाच्या तरी दारात पाणी ओतायचं, उतरायचं. तलवार नाही, भूत नाही, कोणाचा बाप नाही. मी मनाशी वाक्यं जुळवायला सुरुवात केली: लहानपणी घमापुरातल्या घरी आम्ही नळावरून हेच करत होतो, तेव्हा त्याला खेळ म्हणत नव्हते. वाक्य चांगलं जमलं होतं. वही उघडायला म्हणून मी बादली खाली ठेवली.

बादली टेकली. ठक. आणि त्यानंतर, एवढासा वेळ जाऊन, तिची कडी पडली. टिंग.

मी वही ठेवून दिली. बादली उचलली, पुन्हा ठेवली. ठक. टिंग. दगडावर ठेवली, तर दगड कलता होता, कडी उताराच्या बाजूला पडली. म्हटलं, योगायोग असेल. फिरून दुसऱ्या बाजूनं आलो, ठेवली. कडी तरी उताराच्याच बाजूला. भरलेल्या बादलीचा ठक वेगळा, रिकामीचा वेगळा. भरलेल्या बादलीत पाणी हिंदकळून कडेपर्यंत येतं आणि थांबतं, घाईनं चाललं तरच सांडतं, आणि सांडलेलं पाणी त्या चढाच्या दगडांमधून खाली वाहत जातं. मी अर्धा तास बादली ठेवत आणि उचलत होतो. कोणाला लागत होती ती कडी? कोणी मागितली होती? कुठल्या ड्रॉइंगमध्ये ती लिहिलेली असणार? कोणीतरी जिवंत माणसानं, कोणी पाहणार नाही हे माहीत असून, एका बादलीच्या कडीपायी दिवसच्या दिवस घातले होते. एकोणतीस वर्षांत अशी वस्तू माझ्या हाती पाच-सहा वेळा आली असेल. आली की बोटांना कळतं. घरात कोणी पाहत नाही ना ते मी आधी पाहिलं, आणि बादली आणखी एकदा ठेवली.

संध्याकाळी गेम संपला. मी वहीच्या नव्या पानावर वर नाव लिहिलं. खाली काही लिहिलं नाही. वही टेबलावर ठेवली.

आता आमच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या रजिस्टरमध्ये शेरा फक्त नापास मालाला असतो. काय चुकलं, कुठं चुकलं, किती चुकलं. जो माल पास झाला त्याच्यासमोरची जागा कोरी. त्याची वाहवा कोणी लिहीत नाही, लिहायला जागाच नसते. तो मुकाट्यानं पुढे जातो. कोरी जागा म्हणजे पास. आमच्या हाताखालच्या कोणालाही विचारा, कोरी जागा पाहून कारागिराची छाती फुगते. चिनूचा सातवा गेम पास झाला होता, आणि माझ्या परीनं मी ते लिहून मोकळा झालो होतो.

ती आली. वही उचलली. पान पाहिलं. उलटून मागं पाहिलं, तिथंही काही नव्हतं. "झाला का बाबा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "झाला." ती थोडी थांबली. मी पण थांबलो. मनात होतं, फॉर्म तिनं आणावा, मी सही करतो; पण 'आण' हे मी तोंडानं म्हणणार नाही. मग तिनं वही होती तशी ठेवली, कॉम्प्युटर बंद केला आणि ही कणीक मळत होती तिथं जाऊन उभी राहिली.

तिला उलटं कळलं हे मला तिच्या पाठीकडे पाहूनच समजलं होतं. इथं मला लबाडी करायची नाही. सहा गेमना अठरा पानं, आणि या एकाला शिवी देण्याइतकीही किंमत नाही, असं तिनं वाचलं. एक शब्द बोलायचा होता. मी तो बोललो नाही. मी सुई घेऊन प्लास्टरमध्ये खाजवत बसलो. शेवटच्या तारखेला चार दिवस होते. ते चारही दिवस मी स्वतःला सांगत होतो, की मी माझं काम केलंय, नियमानं केलंय, तिनं विचारलं तर सांगेन. तिनं विचारलं नाही. तारीख गेली. ही म्हणाली, "काय झालं त्या फॉर्मचं?" मी म्हटलं, "तिनं आणलाच नाही." आणि त्या दिवशी जेवताना मी आमरसाच्या दोन वाट्या जास्त घेतल्या. पोरगी घरात राहिली म्हणून. सातही गेम बनवणाऱ्यांना मी जेवढ्या शिव्या दिल्या असतील तेवढ्या मला एकट्याला द्यायला हव्या होत्या.

वर्ष झालं. चिनू मेकॅनिकलला आहे, वर्गात पहिल्या तिघांत येते. कसं चाललंय विचारलं की म्हणते, "ठीक आहे." गेम ती खेळत नाही. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ही भजनं लावते.

काल दुपारी ती टरबूज कापायला बसली होती. ग्वारीघाटच्या पलीकडे नदीच्या रेतीत पिकणारं, काळ्या बियांचं. कूलर भरात होता. तिच्या मोबाईलवर काहीतरी आलं. वर्गातल्या एका मैत्रिणीनं हौसेनं छोटा गेम बनवलाय, म्हणाली, आणि 'पाहून सांग' म्हणून राहिलीय. तिनं सुरी खाली ठेवली, मिनिटभर बोटं फिरवली आणि मोबाईल पालथा टाकला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"काय असणार? पाट्या टाकल्यात नुसत्या. सावली उलटी, झाडं एकाच साच्यातली, दारं रंगवलेली. नऊ खोटा तर एका मिनिटात दिसल्या. लिहून पाठवते तिला."

ओठाचा तो मुरडलेला कोपरा माझा होता. शब्द माझे, सूर माझा. एकोणीस वर्षांची पोर, आणि बोलत होता छप्पन्न वर्षांचा, पाय मोडलेला, कुजकट माणूस. मला भीती वाटली.

"काही चांगलं नाही का त्यात?" मी म्हटलं.

तिनं चमकून पाहिलं. "तुम्ही विचारून राहिले हे?"

"चिनू, तो पाण्याचा गेम मी पास केला होता."

"कोणता?"

"तो. बादलीचा. सातवा."

फोडीच्या मध्यावर सुरी थांबली. "कधी?"

"तेव्हाच. पान कोरं ठेवलं होतं ना मी."

"ते तर मी पाहिलं. मला वाटलं, तुम्हाला तो इतका फालतू वाटला की त्याच्या खोटा लिहायचाही कंटाळा आला."

मी तिला सगळं सांगितलं. कडीचं सांगितलं, उताराचं सांगितलं, अर्धा तास बादली ठेवत होतो तेही. मग रजिस्टरचं, कोऱ्या जागेचं. आणि तिला उलटं कळलंय हे मला माहीत होतं, तरी मी बोललो नाही, कारण तू गेली असतीस, हेही सांगितलं. मला वाटलं, ती आता सुरी आपटेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एका बाजूला बिया सारल्या. टरबुजाचं पाणी ताटात पसरत होतं, ते पाहत राहिली.

मग म्हणाली, "बाबा, माझ्याबद्दल तुम्ही आजपर्यंत कधी काही चांगलं बोलले नाही. दहावीला नाही, बारावीला नाही. चित्रात बक्षीस आणलं तेव्हा पण नाही. ते पण तसंच होतं का? मी पण पासच होती का?"

"हो," मी म्हटलं.

"तर मग बोला ना. एकदा तोंडानं बोला."

मी तोंड उघडलं. माणसाच्या तोंडात शब्द असतात असं आपण धरून चालतो. माझ्या तोंडात खोटांची नावं होती, एकोणतीस वर्षांची, घासूनपुसून ठेवलेली. दुसरं काही शोधायला मला किती वेळ लागला कोण जाणे. ती सुरी हातात धरून थांबली होती, तिनं मान खाली घातली नाही.

"तू फार चांगली आहेस," मी म्हणालो.

आवाजाला बराच जोर लागला असणार, कारण आतून हिचा आवाज आला, "आता काहून रागावून राहिले तिच्यावर?"